पुढची जागा

इफीनं होडीचं आपल्या बाजूचं टोक अचानक खाली टाकलं, तशी मागं चालणारी मार्सली धडपडली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेली.

"अगं, सांगायचं तरी!" ती ओरडली. "होडी आहे ती, बटाट्याचं पोतं नव्हे."

इफी पाठमोरी उभी होती. एक हात कमरेवर, दुसरा लाइफ जॅकेटच्या आत घातलेला. जरा वेळानं तिनं मान वळवली, तेव्हा तिचे ओठ ओल्या पाटीसारखे करडे दिसत होते.

"चिलट," ती म्हणाली. "कानात गेलं."

"मग कानात हात घाल. छातीत कशाला घालतेस?"

"बरं झालं तू पोलिसात गेली नाहीस. अख्खं गाव आत टाकलं असतंस."

मार्सलीला हसू आलं आणि तिथंच विषय मिटला. बुटातलं काळं पाणी ओतून तिनं आपलं टोक पुन्हा उचललं. वरच्या लॉखाचं, डोंगरातल्या त्या लांबट तळ्याचं, पाणी मागं राहिलं होतं, मधल्या लॉखाचं पुढं उतारावर नुसतं चकाकत होतं. मधे ही दलदलीची खिंड. तिथून होडी उचलून नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तरुणपणी दोघी एका दमात पार व्हायच्या. आज इफी चार पावलं गेली की थांबायची आणि दर वेळी थांबायला नवं कारण शोधायची. बुटाची नाडी. गरुड. सुल्व्हेनच्या माथ्यावरचा ढग, जो त्या डोंगरावर बाराही महिने असतो.

दोघींची साठी उलटली होती. मार्सलीनं गावच्या शाळेत पोरांना जेवू घालण्यात जन्म काढला होता, तर इफीनं नर्स म्हणून त्याच पोरांना जन्माला आणण्यात आणि त्यांच्या आजी-आजोबांना निरोप देण्यात. इफीनं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, गावातला एकूण एक पुरुष मी विनाकपड्यांचा पाहिलाय, आता कशाला फसू? दर जूनमधे या तीन लॉखांतून होडी घालायची, खालच्या लॉखाच्या टोकाला, रस्त्याशी उभ्या करून ठेवलेल्या गाडीत बसायचं आणि घरी जायचं, हा त्यांचा नेम होता. मार्सलीचा नवरा डॉनी अंथरुणाला खिळला तेव्हा तो मोडला. डॉनी जाऊन दोन हिवाळे झाले होते. यंदा इफीच मागं लागली. यंदा जायचंच, म्हणाली. पुढचं पुढं.

मधल्या लॉखात होडी घातल्यावर इफी नेहमीप्रमाणे पुढं बसली. मागं मार्सली. दिशा देणं मागच्याचं काम, जोर लावणं पुढच्याचं. पण आज पुढचं वल्हं पाण्यात नुसतं बुडत होतं आणि वर येत होतं. मार्सलीच्या ते ध्यानात आलं, पण वय झालं, असं मनाशी म्हणून तिनं स्वतःचा जोर वाढवला.

गारगोट्यांच्या एका जिभेसारख्या किनाऱ्यावर त्यांनी तंबू ठोकला. सुकलेल्या बर्चच्या काटक्या पेटवल्या, धुरानं चिलटं जरा हटली. मार्सलीनं धुरावलेला मासा आणि ओटच्या भाकऱ्या काढल्या. इफीनं भाकरीचा एक तुकडा तोडला आणि तोच बराच वेळ बोटांत फिरवत बसली.

"डॉनीला आवडलं असतं," मार्सली म्हणाली.

"डॉनीला? होडीत बसला की डॉनीला आधी भूक लागायची, मग लघवीला, मग पुन्हा भूक."

"मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"जिवंत होता तेव्हा तोंडावर बोलायचे की. आता काय पाठीमागं गोड बोलू?"

मार्सली हसली आणि हसता हसता तिनं आगीत काटकी सारली. डॉनीच्या त्या शेवटच्या महिन्यात इफी रोज यायची. नोकरीतून सुटून वर्ष झालं होतं, तरी यायची. त्याला कुशीवर वळवायची, ओठांना ओला कापूस लावायची, ज्यांना अर्थ नाही अशा गोष्टी त्याच्याशी बोलत बसायची. तो गेला त्या संध्याकाळी मार्सली कोळसा आणायला म्हणून परसात गेली होती. बादली भरली, आणि त्यानंतरही ती बराच वेळ तिथंच उभी राहिली. खोलीच्या खिडकीत दिवा दिसत होता. इफीनं दार उघडून तिच्या नावानं हाक मारली, तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्यावर इफी पुढं कधी एक शब्द बोलली नाही. गावाला तर हेच ठाऊक होतं, की मार्सली त्याच्या उशाशी होती. इफीनंच तसं सांगितलं होतं.

सकाळी वाऱ्यानं तंबूचं कापड फडफडत होतं. मार्सलीनं चहा करून आत नेला तर इफी बसलेली होती, गुडघ्यांवर हात टेकून, श्वास मोजून मोजून घेत असल्यासारखी. कपाळावर घाम. मार्सलीनं तिचा हात धरला. तो बर्फासारखा होता.

"खरं सांग," मार्सली म्हणाली. "चिलटाची गोष्ट नको."

इफीनं डोळे मिटले. "झडप. काळजाची. अरुंद झालीय. इन्व्हर्नेसच्या मोठ्या इस्पितळात दाखवून आले. सप्टेंबरात ऑपरेशन करणार आहेत."

"कधी दाखवलंस?"

"ईस्टरच्या आधी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले! तुलाही येऊ दिलं नसतं. घराला कुलूप घातलं असतं बाहेरून."

"म्हणूनच," इफी म्हणाली.

मार्सलीला एकाएकी इतका राग आला, की तंबूत मावेना. "मरायला आलीस होय इथं? माझ्यापुढं? एकदा बघून माझं पोट भरलं नव्हतं म्हणून?"

इफीनं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं.

"तू कुठं बघितलंस गं?" ती हळूच म्हणाली.

बाहेर पाणी गारगोट्यांवर आपटत होतं. मार्सलीनं कप खाली ठेवला. तो नीट बसेना, म्हणून पुन्हा उचलून दुसरीकडं ठेवला.

"जाऊ दे," इफी म्हणाली. "तोंड सुटलं माझं. मी वल्हवायला आले होते, मार्सली. मरायचंच असतं तर घरी चांगली गादी आहे माझी."

"मी मदत आणते. टेकडीवर रेंज असेल."

"नसते. तुलाही माहीत आहे."

"मग होडी घेऊन जाते खालच्या लॉखाला. रस्त्यावर कुणी तरी भेटेल."

"या वाऱ्यात? एकटी?" इफी वाक्यामधे थांबून श्वास घेत होती. "पुढं वजन नसलं तर नाक वर येईल होडीचं. वारा तुला पानासारखं गरगरा फिरवील. जायचंच झालं कधी, तर पुढं दगड भर." मग तिनं मार्सलीच्या बाहीचं टोक चिमटीत धरलं. "पण आत्ता नको. आत्ता बस इथं. जरा वेळ."

"टेकडीवर जाऊन येते. ही गेले नि ही आले."

"बस ना."

"इफी, मी नुसती बसून काय करू?"

"काहीच नाही करायचं. बसायचं."

मार्सलीनं तिच्या अंगावर दोन्ही स्लीपिंग बॅगा घातल्या, पाण्याची बाटली हाताशी ठेवली, आणि बूट घातले. बाही सोडवून घ्यावी लागली नाही. इफीनं आपणहून सोडली.

टेकडी चढताना हेदरच्या झुडपांत पाय अडकत होते. वर वारा असा होता की ताठ उभं राहता येईना. मार्सलीनं मोबाइल डोक्यावर धरला, उजवीकडं धरला, खडकावर चढून धरला. आणीबाणीचा नंबर लावला, काही नाही. पुन्हा लावला. खाली मधलं लॉख पांढऱ्या लाटांनी भरलेलं होतं, त्याच्या पश्चिम टोकाला पाण्याची अरुंद वाट, आणि त्यापलीकडं खालचं लॉख, ज्याचं शेवटचं टोक पावसात दिसत नव्हतं. किनाऱ्यावर तंबू नखाएवढा निळा. इथं रेंज नाही हे तिला पहिल्या मिनिटातच कळून चुकलं होतं. तरी मोबाइल हातात धरून ती बराच वेळ तिथंच उभी राहिली.

उतरली तेव्हा तंबूची चेन उघडी दिसली. इफी दारापर्यंत सरकत आली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर, हाताच्या कोपरावर गाल टेकून, तोंड टेकडीकडं. पावसाचे थेंब तिच्या डोळ्यांत पडत होते आणि डोळे लवत नव्हते.

मार्सलीनं तिला हाका मारल्या. नाकाशी तळहात धरला, मानेवर बोटं ठेवली, छातीवर कान लावला. वाऱ्यामुळं काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येण्यासारखं काही उरलेलंही नव्हतं. शाळेत कधी तरी शिकवलं होतं तसं तिनं छातीवर दोन्ही हात ठेवून दाबलं, दाबत राहिली, हात भरून येईपर्यंत दाबत राहिली. मग बाजूला बसली. जितका वेळ ती टेकडीवर उभी होती तेवढा वेळ इथं बसली असती तर, हा विचार आला आणि तिथंच ठाण मांडून राहिला.

काय करतात यानंतर, ते तिला माहीत नव्हतं. डॉनीचं सगळं इफीनंच केलं होतं. मार्सलीनं रुमाल लॉखाच्या पाण्यात बुडवून आणला आणि इफीचं तोंड पुसलं. गालाला लागलेली माती गेली. डोळे मिटवले, एक मिटेना, मिटवून बोट तसंच धरून ठेवावं लागलं. केसांत अडकलेली बर्चची काडी काढली.

"झालं समाधान?" ती इफीला म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "अर्ध्या जिल्ह्याच्या उशाशी बसलीस. आणि स्वतःच्या वेळी एकटी."

रविवारपर्यंत त्यांची कुणी वाट बघणार नव्हतं. चालत जायचं तर दलदलीतून दिवसभराची वाट, आणि तोवर इफीला इथं ठेवायचं. पाण्याकाठच्या खडकावर दोन करडे कावळे येऊन बसले होते. ते घाईत नव्हते. मार्सलीनं त्यांना दगड मारला. ते उडाले आणि पलीकडच्या खडकावर जाऊन बसले.

मग ती उठली. तंबू तसाच राहू दिला. होडी ओढून पाण्याला लावली, आणि इफीनं सांगितलं होतं तसे पुढच्या भागात दगड भरायला लागली. एक आणला. दुसरा आणला. तिसरा पोटाशी धरून आणताना ती वाटेत थांबली, तंबूकडं पाहिलं, आणि तो दगड खाली टाकला. होडीतले दोन्हीही उचलून तिनं पाण्यात भिरकावले.

इफी उंच नव्हती, पण अंगानं भरलेली होती, आणि आता तर ती सगळीच्या सगळी खाली ओढत होती. मार्सलीनं तिला ताडपत्रीवर घेतलं आणि गारगोट्यांवरून ओढत नेलं. होडीत चढवायला काखेत हात घालून ओढताना ती स्वतःच पाठीवर पडली. इफी तिच्या अंगावर. दोघी तशाच पडून राहिल्या क्षणभर, वर पावसाचं आभाळ.

"आयुष्यभर केक खाल्लास," मार्सली धापा टाकत म्हणाली. "माझ्याच हातचा. माझंच चुकलं."

पुढच्या बाकावर तिला बसवणं शक्य नव्हतं. मार्सलीनं बाकाच्या पुढं, होडीच्या तळाशी तिला टेकवलं, पाठीला कपड्यांची पिशवी लावली, लाइफ जॅकेट घातलं, पट्टे आवळले. पाऊस तोंडावर येऊ नये म्हणून तिच्या रेनकोटाचं टोपडं ओढून नाडी बांधली. हात मांडीत ठेवले. मागून पाहिलं तर इफी बसली होती. पुढं, नेहमीच्या जागी, जरा खाली.

वारा समोरून होता. पहिल्या लाटेला होडीचं नाक उठलं, आणि मग नाक जड होऊन खाली बसलं, पाणी कापत गेलं. दुसऱ्या लाटेलाही बसलं. वारा होडीला वळवू बघत होता, पण पुढचं टोक हटत नव्हतं. मार्सली गुडघे टेकून वल्हवत होती. एकाच बाजूनं, दात आवळून, खांद्याच्या सांध्यात आग पडेपर्यंत. थांबलं की होडी मागं जायची, म्हणून थांबायचं नव्हतं.

"मार की वल्हं," ती मधेच ओरडली. "नुसती बसलीयस पाहुणीसारखी!"

टोपडं लाटेसरशी हललं. मार्सलीनं नजर काढून घेतली. पाणी आत येत होतं. इफीच्या मांडीखाली ते जमत होतं, आणि मार्सलीला उगीचच वाटत होतं की ती भिजतेय, तिला थंडी वाजेल. अरुंद वाटेशी आल्यावर दोन्ही बाजूंच्या कड्यांमुळं वारा एकदम पडला. त्या शांततेत तिला स्वतःचा श्वास ऐकू आला, आणि फक्त स्वतःचाच. तिथं थांबून तिनं डब्यानं पाणी उपसलं. उपसता उपसता तिचा हात इफीच्या बोटांना लागला. ती बोटं तिनं आपल्या मुठीत घेतली आणि होडी प्रवाहाबरोबर हळूहळू सरकत असताना ती तिथंच बसली, काही न करता. होडी एका खडकाला घासली तेव्हा उठून मागं गेली.

खालच्या लॉखात वारा पुन्हा सुरू झाला, पण दम कमी झाला होता. दुपार कलली. मार्सली बोलत राहिली. डॉनीच्या लघवीबद्दल बोलली. शाळेच्या नव्या मुख्याध्यापिकेबद्दल, जिला सूप म्हणजे काय हे कळत नाही. कोळशाच्या बादलीबद्दल. ते पहिल्यांदाच, आणि मोठ्यानं, कारण वाऱ्यात मोठ्यानंच बोलावं लागतं. "मी ऐकत होते तिथं," ती म्हणाली. "खिडकीशी. त्याचा श्वास ऐकू येत होता बाहेर. तो थांबेपर्यंत मी आत आले नाही. तुला माहीत होतंच. तुला माहीत होतं, आणि तरी तू आज मला बस म्हणालीस."

पुढं टोपडं नाकासमोर बघत राहिलं.

किनारा दिसू लागला तेव्हा ढगाखालून ऊन आलं होतं, पिवळं आणि तिरपं. रस्त्याच्या कडेला दोघींची गाडी उभी होती. धक्क्याच्या टोकाला मांड्यांपर्यंत रबरी बूट घातलेला एक माणूस गळ आवरत होता, तिशीतला, दाढीवाला, गावचा नव्हे. होडी दिसताच त्यानं गळ खाली ठेवला.

"कमाल आहे बुवा तुमची!" तो ओरडला. "या वाऱ्यात होडी घातलीत? माझी आजी असती तर मी तिला बांधून ठेवली असती!"

धक्क्याशी पाणी खवळलेलं होतं, होडी दगडांवर आपटायची भीती होती, आणि मार्सलीच्या हातात आता त्राण उरलं नव्हतं. त्या माणसाच्या ते लक्षात आलं असावं. धक्क्यावरच्या खुंटाला गुंडाळलेला दोर त्यानं सोडवला, हातात वेटोळं केलं.

"घ्या हो बाई!" त्यानं इफीला हाक दिली आणि दोर फेकला.

नेम चांगला होता. दोर नेमका इफीच्या मांडीत पडला, हातांवर.

"धरा की! अहो, धरा!"

लाटेसरशी दोर तिच्या बोटांवरून सरकला, होडीच्या काठावर क्षणभर अडला, आणि पाण्यात गेला. माणूस हसला, काही तरी पुटपुटला, आणि तो ओढून घेऊ लागला. ओढता ओढता त्याची नजर टोपड्याच्या आत गेली. त्याचे हात मंदावले. पण थांबले नाहीत. तो दोर गोळा करत राहिला, ओल्या दोराचं वेटोळं पुन्हा नीट लावत राहिला.

"माझ्याकडं टाक," मार्सली म्हणाली.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, बगलेत धरली. मग दुसऱ्यांदा दोर फेकला. उंचावरून, इफीच्या डोक्यावरून, जपून, तिला लागू नये असा.